‘सरकार घेणारच आहे, मग आत्ताच विका ना!’
सदर : बांधावरून

या वेळी विषय एकच दिला होता : शहराच्या तोंडाशी आलेली शेती टिकवायची कशी. पत्रं आली ती शहापूर, मुरबाड, भिवंडी, पनवेल-उरणकडून, आणि बरीचशी ठाण्यातून, ज्यांची जमीन गावी आहे आणि मुक्काम पंधराव्या मजल्यावर. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो, सर्कल (मंडळ अधिकारी) म्हणून निवृत्त झालो, नोकरीतली बहुतेक वर्षं याच पट्ट्यात गेली. वकील नाही. जिथं कोर्टाची पायरी चढावी लागेल तिथं तसं सांगितलं आहे. ‘नाव छापू नका’ असं जवळजवळ प्रत्येकानं लिहिलंय, म्हणून फक्त तालुका नाहीतर गाव दिलं आहे.

प्रश्न (शहापूर) : वडील वारले, आई त्याआधीच गेली होती. मृत्युपत्र नाही. आम्ही तीन भाऊ, दोन बहिणी. जमीन दोन एकर दहा गुंठे. भात आणि त्यानंतर भेंडी मी करतो. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत सुरू झाल्यापासून एजंटांच्या गाड्या गावात थांबायला लागल्यात. डोंबिवलीचा मधला भाऊ म्हणतो, ‘माझा हिस्सा मी विकणार, तुला काय करायचं ते कर.’ त्यानं इसार घेतल्याचंही कानावर आलंय. माझी शेती वाचेल का?

उत्तर : वाचेल, पण आत्ताच हललात तर.

पहिलं काम वारस नोंदीचं. 7/12 वर पाचही भावंडांची नावं लागली आहेत का ते बघा. नोंद असली की पुढच्या प्रत्येक फेरफाराची (हक्कबदलाच्या नोंदीची) नोटीस तुमच्या नावानं निघते, आणि तुमचं पुष्कळसं बळ त्या नोटिशीत आहे. ते कसं, ते पुढे सांगतो.

आता हिशेब. 2 एकर 10 गुंठे म्हणजे 90 गुंठे, पाचांत प्रत्येकी 18. 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. त्याहून लहान तुकडा पाडून विकायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. तुमच्या 7/12 वर जिरायत लिहिलं असेल तर भावाला 18 गुंठे कापून देता येणार नाहीत. बागायत असेल तर देता येतील. (शहरी हद्दीतल्या आणि आराखड्यात निवासी वगैरे दाखवलेल्या जमिनींना सरकारनं 2025 मध्ये यातून मोकळीक दिली. तेव्हा नगर रचना कार्यालयातून झोन दाखला काढा आणि तुमचा गट हरित क्षेत्रात आहे का ते आधी बघा.)

एजंटाला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो तुकडा मागतच नाही. तो ‘अविभक्त हिस्सा’ खरेदी करतो आणि आठवड्याभरात रस्त्याच्या अंगाला सिमेंटचे खांब रोवतो. बाकीचे भाऊ बघत राहतात, कारण त्यांना वाटतं खरेदीखत झालंय म्हणजे आता तो मालक. हिश्श्याचा मालक तो होईलही, पण ‘हा अमुक कोपरा माझा’ असं वाटणी झाल्याशिवाय त्याला म्हणता येत नाही. त्यासाठी त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. खांब पहिल्यांदा दिसले त्याच दिवशी तहसीलदार आणि पोलीस ठाणे दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ताबा एकदा गेला की तो परत मिळवण्यात निम्मं आयुष्य जातं.

तुमच्या हातातलं मुख्य हत्यार मात्र वेगळंच आहे आणि गावात ते फारसं कुणाला माहीत नसतं. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 22. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांकडे आली आणि त्यातल्या एकाला आपला हिस्सा विकायचा असला, तर तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा. हे शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये बाबू राम विरुद्ध संतोख सिंग या निकालात सांगितलं. भावाला रजिस्टर पोस्टानं आजच पत्र टाका : ‘तुझा हिस्सा मी घ्यायला तयार आहे.’ किमतीवर एकमत झालं नाही तर ती कोर्ट ठरवतं. इथं वकील लागेल, आणि खरेदीखत होण्याआधी गाठलेला वकील नंतर गाठलेल्यापेक्षा स्वस्त पडतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कलम 22 म्हणजे सवलतीची खरेदी नव्हे. पैसे बाजारभावानंच मोजावे लागतील आणि तो भाव आता भेंडीच्या हिशेबात बसणारा राहिलेला नाही. म्हणून बहिणींशी बोला. दोघींनी हिस्सा तुमच्याबरोबर ठेवला तर 54 गुंठे एकत्र राहतात, त्यावर शेती होते. त्यांना हक्कसोड पत्र द्यायचं असेल तर ते नाममात्र मुद्रांकावर होतं, पण ते त्यांच्या खुशीनं होऊ द्या. साडी-चोळी देऊन अंगठा घ्यायचे दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं. मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे. 2005 च्या दुरुस्तीनं तो वडिलोपार्जित जमिनीतही पक्का केला. मी पाहिलेल्या कित्येक घरांत जमीन विकायला शेवटपर्यंत नकार दिला तो बहिणीनं.

आता ती नोटीस. दस्त नोंदला गेला की फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, ‘आपली चावडी’च्या संकेतस्थळावरही तो दिसतो. त्यापुढे 15 दिवस हरकतीचे. हरकत साध्या कागदावर चालते, पण लेखी हवी आणि पोच हवी. ‘भाऊसाहेबांना (म्हणजे तलाठ्याला) सांगून ठेवलंय’ याला हरकत म्हणत नाहीत. लेखी हरकत आली की ती तक्रार नोंदवहीत चढते आणि सर्कलला दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय नोंद मंजूर करता येत नाही. तुमच्या गटाचा फेरफार महिन्यातून एकदा मोबाइलवर बघायची सवय ठेवा.

मधल्या भावाशी भांडण मात्र वाढवू नका. फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या माणसाला 18 गुंठ्यांची रक्कम फार मोठी वाटते. त्याला हप्त्याहप्त्यानं पैसे देण्याचा लेखी करार घरातच होत असेल तर तो एजंटाच्या इसारापेक्षा टिकाऊ.

प्रश्न (उरण) : आमचं गाव एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नवनगरासाठी अधिसूचित 124 गावांत आहे. भातानंतर वाल करतो, बांधावर थोडी भाजी. दलाल सांगतो, ‘एमएमआरडीए आली, जमीन जाणारच आहे, सरकारच्या भावात देण्यापेक्षा आत्ता माझ्याकडून घे.’ गावातल्या पुष्कळांनी सह्या केल्या. खरंच जाणारच आहे का?

उत्तर : तुमच्या वालाच्या शेंगांची पोपटी खाल्लेला माणूस आहे मी. भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेली ती शेंग बाहेरून आणलेल्या वालाला येत नाही. तेव्हा माझं उत्तर थोडं पक्षपाती समजा.

‘जाणारच आहे’ हे वाक्य या भागात पन्नास वर्षं फिरतंय. 1970 मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातली 95 गावं नवी मुंबईसाठी घेतली. तेव्हाही लोकांना हेच सांगितलं गेलं आणि तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही होतं, कारण सरळ संपादन होतं. लोकांनी काय केलं? दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी साडेबावीस टक्के. 2013 मध्ये विमानतळाभोवतालचं ‘नैना’ क्षेत्र अधिसूचित झालं, तिथं नगर रचना योजना : जमीन एकत्र करायची, 60 टक्के रस्ते-सुविधा वगैरेंना आणि 40 टक्के अंतिम भूखंड मालकाला. 2024 मध्ये उरण, पनवेल, पेणच्या 124 गावांसाठी एमएमआरडीए नवनगर प्राधिकरण म्हणून नेमली गेली. दर वेळी रीत वेगळी, दर वेळी मोबदला वेगळा. आज विकणारा उद्याची रीत काय असेल ते न बघताच विकतो.

आणि नीट ऐका : गाव अधिसूचित होणं म्हणजे नियोजनाचा अधिकार कुणाकडे ते ठरणं. त्यानं जमिनीची मालकी हलत नाही. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागवतात, सुनावणी होते. पुढे संपादन करायचं झालं तर 2013 च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेपासून 60 दिवस हरकतीला मिळतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर फक्त 21. ओलिताखालची, एकापेक्षा जास्त पिकांची जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं त्याच 2013 च्या कायद्याचं कलम 10 म्हणतं. व्यवहारात ते किती पाळलं जातं यावर माझं मत छापण्याजोगं नाही, पण हरकतीत ते कलम लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता दलालाच्या कागदाबद्दल. असा एक संच माझ्याकडे एकजण दाखवायला घेऊन आले होते, त्यात काय होतं ते सांगतो. वर नोंदणीकृत साठेखत (पुढे विक्री करून देण्याचा करार), त्याखाली कुलमुखत्यारपत्र, ‘अपरिवर्तनीय’ असा ठळक शब्द. पहिल्या दोन पानांवर नेहमीचंच : मोजणी करणे, अर्ज करणे, कार्यालयात हजर राहणे. तिसऱ्या पानावर मधेच, बारीक अक्षरात, ‘सदर मिळकतीचे संपादन झाल्यास मोबदला, विकसित भूखंड, टीडीआर अथवा अन्य लाभ मुखत्याराने स्वतःच्या नावे स्वीकारणे’. (टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क.) शेतकऱ्यानं इसार म्हणून जे घेतलं ते या एका ओळीसाठी होतं. दलालाला तुमच्या भातात काडीचा रस नाही. सरकार ‘घेणार’ म्हणून तो तुम्हाला भीती घालतो आणि सरकार घेईल याच आशेवर स्वतः पैसे लावतो. वाईट सौदा असता तर त्यानं लावले असते का?

नुसत्या कुलमुखत्यारपत्रानं आणि साठेखतानं मालकी जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलंय. पण साठेखत नोंदलेलं असलं की समोरचा करार पुरा करून मागायला कोर्टात जाऊ शकतो, तेव्हा ‘नुसतं साठेखतच आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. सही केली नसेल तर करू नका. केली असेल तर कागद घेऊन वकिलाकडे जा, आणि तिसरं पान आधी वाचून दाखवा.

प्रश्न (नेरुळ) : मुरबाड रस्त्याला तीन गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ मिळतायत. एजंट म्हणतो, सामाईक 7/12 वर नाव चढवून देतो. घ्यावेत का?

उत्तर : नाही. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असायला लागता, नाहीतर कूळ कायद्याच्या कलम 63 खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तीन गुंठे हा शेतीच्या जमिनीत तुकडा आहे. सामाईक 7/12 वर वीस अनोळखी नावं आणि हद्द एकाचीही नाही. गेट, कंपाउंड आणि आत कोरडा स्विमिंग पूल अशा कितीतरी जागा त्या रस्त्याला आहेत, आणि त्या सगळ्या एके काळी नाचणी-वरईच्या वरकस जमिनी होत्या. शेती करायचीच असेल तर पुरेसं क्षेत्र रीतसर घ्या, आणि करा.

प्रश्न (ठाणे, घोडबंदर रस्ता) : आमची मुरबाडला चार एकर आहे. मुलं करणार नाहीत. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, तिकडे शेतकरी जमीन स्वतःकडे ठेवून फक्त तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क विकतात, मग ती जमीन कायमची शेतीच राहते. आपल्याकडे असं करता येईल का? मी गेल्यावर तिथं प्लॉटिंग व्हायला नको.

उत्तर : भाचा खरं सांगतोय. हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून उत्तर लांबणार.

तिकडे 1974 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सफोक काउंटीनं हे सुरू केलं. लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, शहर सरकत येत होतं. काउंटीनं शेतकऱ्यांकडून जमीन न घेता बांधकामाचा हक्क तेवढा विकत घ्यायचं ठरवलं. जमिनीची बाजारातली किंमत आणि निव्वळ शेती म्हणून किंमत यातला फरक शेतकऱ्याला रोख मिळतो, आणि जमीन विकली, वारसाला गेली तरी बंधन तिच्याबरोबर जातं. 1980 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत एलन स्ट्रॉस या दुग्धव्यवसाय करणाऱ्या बाईंनी आणि फिलिस फेबर या जीवशास्त्रज्ञ बाईंनी यासाठी एक न्यास काढला. तिथं गुरांची मोठमोठी कुरणं आहेत, गोल्डन गेट पूल ओलांडला की शहर. त्या कुरणांवर वसाहती उभ्या राहणार होत्या. न्यास हक्क विकत घेतो आणि अटी पाळल्या जातात का ते पुढे नियमित बघतो.

याहून मजेचं वॉशिंग्टनच्या शेजारी मॉन्टगोमेरी काउंटीत झालं, तेही 1980 मध्येच. ठाण्याच्या माणसाला टीडीआर म्हटलं की काय आठवतं? रस्त्याला दिलेली जागा आणि बिल्डरनं चढवलेले मजले. त्यांनी तोच टीडीआर शेतीसाठी वापरला. सुमारे 93,000 एकरांचा शेती राखीव पट्टा ठरवला, तिथं 25 एकरांत एक घर एवढीच मुभा ठेवली, आणि शेतकऱ्याला पाच एकरांमागे एक हक्क दिला. तो हक्क त्यानं शहराच्या बाजूला इमारत बांधणाऱ्याला विकायचा. मजले चढले ते शहरात, पैसा आला शेतावर, भात म्हणा मका म्हणा जागेवर राहिला. आपल्याकडे टीडीआरचं यंत्र तयार आहे, दलाल तयार आहेत, बाजार तयार आहे. शहापूर-मुरबाडचा शेतकरी हक्क देणारा आणि ठाणे-कल्याणचा बिल्डर घेणारा, अशी जोडी घालायचं कुणी मनावर घेत नाही. मला हे अशक्य वाटत नाही. पण तो सरकारचा निर्णय, तुमच्या-माझ्या सहीनं होणारा नाही.

तुमच्या एकट्याच्या सहीनं काय होतं ते बघू. कायमचं बंधन इथं बसत नाही. आपला सुविधाधिकाराचा कायदा 1882 चा. त्यात सुविधाधिकार म्हणजे एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवरचा हक्क : पाण्याची वाट, बैलगाडीची वाट. शेजारी जमीनच नसलेल्या एखाद्या संस्थेला ‘इथं बांधकाम होऊ देऊ नका’ असा हक्क त्यात देता येत नाही. ‘वारसानं कधीच विकू नये’ अशी अट घालून जमीन दिली तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 नं ती अट रद्द ठरते, जमीन मात्र गेलेली असते. तिकडे हक्क दान देणाऱ्याला आयकरात सूट मिळते, कॅलिफोर्नियात 1965 च्या विल्यमसन कायद्यानं किमान दहा वर्षं शेतीच ठेवायचा करार केला की जमिनीवरचा कर उतरतो. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, शेतसारा चहाच्या बिलाएवढा. सूट द्यायची ती कशात?

मग उरतो सार्वजनिक न्यास. नोंदलेल्या न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, म्हणजे विक्रीला एक मोठा अडसर राहतो. पण न्यास शेतकरी नसल्यामुळे त्याला जमीन देतानाच परवानगी घ्यावी लागेल, आणि पुढचे विश्वस्त कसे निघतील याची हमी कोण देणार? मी तुमच्या जागी असतो तर न्यासाच्या वाटेला गेलो नसतो.

मी माणूस शोधला असता. तुमच्याकडे चार एकर पड ठेवण्याचं कारण बहुधा कुळाची भीती असणार. 1 एप्रिल 1957 ला कूळ कायद्यानं कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली, त्याला एवढी वर्षं लोटली तरी ठाण्यातला प्रत्येक गैरहजर मालक ‘कसायला दिली की कूळ लागेल’ म्हणून जमिनीवर गवत वाढू देतो, आणि पडीक जमिनीला प्लॉटिंगवाला आधी हुंगतो. भीती अगदीच पोकळ नाही. म्हणून तोंडी काही करू नका. पुतण्या, भाचा, गावातला जवळचा नातेवाईक, जो खरंच शेती करेल, त्याच्याबरोबर वकिलाकडून मजुरीचा किंवा देखरेखीचा करार लिहून घ्या. आंबा, काजू लावा. भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणात 10 गुंठ्यांपासून फळबागेला अनुदान आहे. 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरापासून केंद्र नोंदवता येतं, चार एकरांत ते आरामात बसतं. आणि मृत्युपत्रात जमीन पाचजणांत फोडू नका. जो करेल त्याला जमीन द्या, बाकीच्यांना फ्लॅट, ठेवी. मुलं रागावतील. त्यांना आत्ताच समोर बसवून सांगा, म्हणजे राग तुमच्यासमोर निघेल.

प्रश्न (भिवंडी) : आमच्या गावच्या गुरचरणात रात्री डंपर भराव टाकतात. कडेला पत्र्याचं गोदामही उभं राहिलंय. म्हशी चारायला जागा उरली नाही. ग्रामपंचायत गप्प आहे.

उत्तर : गुरचरण सरकारच्या मालकीचं, ग्रामपंचायतीकडे देखरेख. ते कुणाच्या बापाचं नाही, सरपंचाच्याही. सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल (28 जानेवारी 2011) आणि त्यावरून आपल्या सरकारनं काढलेला 12 जुलै 2011 चा शासन निर्णय, दोन्ही गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगतात. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गाव अजून तलाठीच म्हणतं) लेखी मागा की अतिक्रमणाची नोंद गाव नमुना 1-ई मध्ये घ्या. ती नोंद झाल्याशिवाय तहसीलदाराकडे महसूल अधिनियमाच्या कलम 50 ची कारवाई हलत नाही, आणि नोंद न होण्यातच पुष्कळांचं भलं असतं. डंपरबद्दल माहितीच्या अधिकारात विचारा : ही माती कुठून उचलली, परवाना कुणाचा? विनापरवाना उत्खनन-वाहतुकीला त्याच अधिनियमाच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड लागू शकतो, वाहनही जप्त होतं. डंपरमालक गुरचरणाला घाबरत नाही, डंपर अडकण्याला घाबरतो. नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा, एकटे जाऊ नका.

प्रश्न (मुरबाड) : आम्ही ठाकूर समाजाचे. आजोबांनी एका मुंबईच्या शेठला 99 वर्षांचा करार नोटरीसमोर करून दिला होता म्हणे. त्यानं बंगला बांधलाय, 7/12 अजून आमच्या नावावर आहे. तो म्हणतो, आता जमीन माझी.

उत्तर : त्याची नाही. महसूल अधिनियमाचं कलम 36-अ 6 जुलै 1974 पासून लागू आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, कशानंही द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा भाडेपट्टा सोडला तर वर राज्य सरकारची मान्यताही. 99 वर्षांच्या नोटरी कागदाला यातलं काहीच नसतं. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय तसाही टिकत नाही.

करार 1974 च्या आधीचा की नंतरचा ते मात्र आधी बघा, त्यावर बरंच अवलंबून आहे. मग जुने फेरफार आणि जातीचा दाखला जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, उशीर न करता. वकिलाची फी भरू नका : अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठाण्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, मुरबाडलाही तालुका समितीकडे चौकशी करा. शेठ ‘बंगल्याचे पैसे द्या मग निघतो’ म्हणेल. घरी बसून त्याच्याशी कसलाही नवा कागद करू नका, पाचशेच्या स्टॅम्पवर तर मुळीच नाही.

प्रश्न (कल्याण) : मुलगा म्हणतो, ई-पीक पाहणी करून काय मिळतं? मोबाइलवर फोटो काढत कोण बसणार?

उत्तर : मुलाला सांगा, 15 ऑगस्ट 2021 पासून ही नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची सोय झाली. त्याआधी ती आम्ही करायचो, आणि आम्ही ती चावडीत बसून कशी करायचो हे मी इथं लिहीत नाही. तुमच्या बाजूला रस्ते, कॉरिडॉर काही ना काही येत राहणार. उद्या संपादन झालंच तर मोजणीला आलेला माणूस 7/12 वर काय आहे ते बघतो. जमिनीवरच्या झाडांची, विहिरीची, पाइपलाइनची किंमत वेगळी धरायची असते, पण ‘पड’ लिहिलेल्या गटात अचानक चाळीस कलमं निघाली तर अधिकारी शंका घेणारच. झाडांची लागवड झाल्या वर्षीच नोंद करा, बोअरची नोंद करून घ्या, आणि खरीप, रब्बी दोन्ही हंगामांची पाहणी मुदतीत भरा. फोटो बांधावर उभं राहून काढा. ॲप जागा ओळखतं, घरून काढलेला चालत नाही.

पुढच्या अंकासाठी विषय : मोजणी, हद्द आणि शेजाऱ्यानं सरकवलेला बांध. प्रश्न गट नंबरासह पाठवा. नंबर छापणार नाही, पण त्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.